सतरंजीचं टोक

"उसव."

बाईंनी एवढंच म्हटलं आणि माझ्या हातातला तुकडा काढून घेऊन सगळ्यांना दिसेल असा वर धरला. बाटलीहिरव्या लोकरीचा, लहान मुलाच्या स्वेटरचा पुढचा भाग. तीन दुपारी घरातली कामं कशीबशी उरकून येऊन मी तो विणला होता. एक टाका सैल नव्हता की एक घट्ट नव्हता.

"काय चुकलं बाई?" मी विचारलं.

"मी डावा भाग सांगितला होता. हा उजवा झालाय."

सतरंजीवर बसलेल्या नऊजणींच्या सुया थांबल्या. त्यातल्या देवरे काकूंनी तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते ते दिसतच होतं.

ही धुळ्यातली गोष्ट. याला आता सत्तावीस वर्षं झाली. माझ्या नवऱ्याची पाटबंधारे खात्यात तिकडे बदली झाली होती. हे सोमवारी धरणाच्या साइटवर जात ते शनिवारी परत येत. मुलगी शाळेत गेली की मी आणि चार भिंती. दिवसभरात दूधवाल्याशी दोन वाक्यं आणि भाजीवालीशी तीन, एवढंच माझं बोलणं. मला माणसं हवी होती, अगदी भुकेल्यासारखी हवी होती. त्यामुळे वाचनालयाच्या पडवीत मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बायका विणायला जमतात असं कळलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी सुया घेऊन हजर झाले.

त्या मंडळाच्या सर्वेसर्वा म्हणजे अहिरराव बाई. शाळेत शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या हातचा मार खाऊन मोठ्या झालेल्या, त्यामुळे सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. दरवर्षी दत्तजयंतीपर्यंत हे मंडळ शिरपूरकडच्या एका आश्रमशाळेतल्या पहिलीच्या मुलांसाठी स्वेटर विणून पाठवायचं. त्या वर्षी बावीस मुलं होती.

त्यांची विणायची रीत मी आधी कुठे पाहिली नव्हती. कागद नाही, पुस्तक नाही. बाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसायच्या आणि एकेक ओळ बोलायच्या. "सगळे सुलट, शेवटचे दोन एकत्र. फिरवा. सगळे उलट." त्या बोलायच्या आणि आम्ही विणायचो. नव्या बाईने पहिले पंधरा दिवस लोकरीच्या लड्यांचे गुंडे करायचे, मग बाईंच्या शेजारी बसून विणायला सुरुवात करायची. आणखी एक नियम होता. कुणी कुणाचं उसवायचं नाही. ज्याचं त्यानेच उसवायचं.

मी पंधरा दिवस गुंडे केले. त्यानंतरच्या बैठकीला बाईंच्या उजव्या हाताला जाऊन बसले आणि तिथेच घोटाळा झाला. माझी सुई सारखी त्यांच्या कोपराला लागत होती. "नीट बस," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. मी आणखी अंग चोरून बसले, पण नीट बसणार कशी? मी डावखुरी. बाकीच्यांची ओळ उजवीकडून सुरू होते, माझी डावीकडून. त्यांचं कोपर जिकडे जातं तिकडेच माझं येतं.

पुढून उघडणाऱ्या स्वेटरचे समोरचे दोन भाग असतात, एक डावा आणि एक उजवा. एकाचा गळा एकीकडे वळतो, दुसऱ्याचा दुसरीकडे. मी ओळ डावीकडून सुरू करत असल्यामुळे, बाईंच्या शब्दाबरहुकूम विणलं तर माझा गळा भलत्याच बाजूला वळणार हे उघड होतं. एरवी मी ऐकलेलं मनात फिरवून घेते. लहानपणापासून सवय आहे. पण त्या दिवसांत मला इतकं शहाण्यासारखं वागायचं होतं की मी काहीच फिरवलं नाही. बाई म्हणाल्या तसं, त्या म्हणाल्या त्याच टाक्याला विणत गेले. आणि त्याचंच हे फळ बाई सगळ्यांसमोर धरून बसल्या होत्या.

"डावखुरी आहेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"उजव्या हाताने विणता येत नाही?"

"लिहिते उजव्याने. शाळेत मारून शिकवलं. विणायला कुणी मारलं नाही, म्हणून हे माझ्या हाताने करते."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. राग असावा असं मला वाटलं. तुकडा धरलेला त्यांचा डावा हात माझ्या नाकासमोर होता आणि त्यावर मधोमध, कातडी ओढल्यासारखा, एक जुना गुळगुळीत डाग होता. स्वयंपाकघरात भाजलं असेल, असं मनात येऊन गेलं.

"इथे सगळ्या एका हाताने विणतात," बाई म्हणाल्या. "म्हणून मी एकदा बोलले की नऊजणींचं काम होतं. उसव, आणि उजव्याने परत टाके घाल. वेळ लागू दे. शिकशील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग माझ्या नाकावरच असतो, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. त्या सतरंजीला माहीत नव्हतं.

"यातला एक टाका चुकलेला दाखवा बाई," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता उसवते. नाही तर उसवणार नाही."

नंतर मला कळलं, बाईंना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. देवरे काकूंचे खांदेसुद्धा हलायचे थांबले.

बाईंनी तो भाग उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग माझ्या मांडीवर ठेवला.

"मग टोकाला बस," त्या म्हणाल्या. "आणि गुंडे कर."

सतरंजीचं टोक म्हणजे पायरीकडची बाजू. तिथे सगळ्यांच्या चपला. वाचनालयात येणारा-जाणारा माणूस आधी तिथे बसलेलीला पाहणार. मी तिथे जाऊन बसले आणि लडी गुडघ्यांवर अडकवून गुंडा करायला लागले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते लोकरीवर पडू दिलं नाही.

शनिवारी हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. हे हसायलाच लागले.

"विणायला गेली होतीस की लढाईला?"

"तुम्ही हसा."

"मग आता जाणार नाहीस ना?"

"का जाणार नाही? टोकाला बस म्हणाल्यात, येऊ नकोस नाही म्हणाल्या. मी जाणार. आणि उसवणार पण नाही."

तो हिरवा भाग मी घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवला आणि मंगळवारी परत टोकाला जाऊन बसले. त्या पडवीत माझी जागा राहणार की जाणार, आणि राहिली तर माझ्या हातासकट राहणार की नाही, एवढाच प्रश्न माझ्यापुरता उरला होता.

टोकालाही जग असतं हे मला तिथे कळलं. माझ्या जवळ बसायच्या नफिसाआपा. पन्नाशीच्या, गोऱ्यापान, जाड भिंगांचा चष्मा. त्या फार बोलत नसत, पण त्यांना सगळं दिसायचं. साडेचारला चहा व्हायचा. देवरे काकूंचा चिवड्याचा डबा फिरायचा आणि त्याच्याबरोबर सगळ्या गल्लीच्या बातम्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या मुलीला शिंदखेड्याचं स्थळ आलं. डबा शेवटी माझ्यापाशी यायचा. त्यात चिवड्यापेक्षा तळाचं तिखटमीठच जास्त असायचं. पण यायचा. दुसऱ्या आठवड्यात देवरे काकूंनी तो फिरवायला देण्याआधी एक मूठ पुरचुंडीत बांधून माझ्याकडे पाठवली.

"खा माय," त्या तिकडून ओरडल्या. "भांडायला ताकद लागते!"

बाई सोडून सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दुपारी मी घरी परत जाताना गाणं गुणगुणत होते, हे मला चांगलं आठवतं.

गुंडे करायला डोकं लागत नाही. त्यामुळे बाई बोलायच्या तेव्हा माझं डोकं रिकामं असायचं आणि मी ऐकत बसायची. पाठ, बाह्या, आकड्यांसकट सगळं. प्रत्येक ओळ मनात फिरवून माझ्या हाताची करून घ्यायची. महिन्याभरात माझं सगळं तोंडपाठ झालं. हात शिवशिवायचे. मग मी गुंड्यांच्या आड टोप्या विणायला सुरुवात केली.

"काय करतेस गं त्या पिशवीत?" आपांनी एकदा हळूच विचारलं.

"टोपी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हुशार आहेस. टोपीला डावं-उजवं नसतं."

दिवाळीच्या आधी अकरा टोप्या झाल्या. आपांनी मला न विचारता त्या उचलल्या आणि बाईंसमोर स्वेटरांच्या ढिगावर नेऊन ठेवल्या. बाईंनी वरची टोपी घेतली. आतून पाहिली, बाहेरून पाहिली, बोट घालून ताणून पाहिली. मग परत ढिगावर ठेवली. ढिगावरच ठेवली, बाजूला नाही. मी पुढच्या आठवड्यात आणखी सात विणल्या.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी देवरे काकू धावतच माझ्या दारात आल्या. पहिल्यांदाच घरी आल्या होत्या.

"शैला, बाई पडल्या. अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली ना माय सगळी. बोलता पण येईना."

बाई एकट्याच राहायच्या. त्यांना त्यांच्या भाचीकडे हलवलं होतं. सगळ्याजणी एकेक करून भेटून आल्या. मी गेले नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. ज्यांच्याशी भांडण मिटलेलं नाही त्यांच्यासमोर, त्या पडलेल्या असताना, उभं कसं राहायचं हे मला कळेना.

दत्तजयंतीला महिना उरला होता. पाठी आणि बाह्या तयार होत्या. पुढचे भाग राहिले होते. माझ्या त्या प्रकारानंतर बाईंनी डाव्या भागाचं काम थांबवून आधी बाकीचं घेतलं होतं. आता सांगणारं कुणी नव्हतं.

"मी बोलते," देवरे काकू म्हणाल्या. "मला डावा भाग येतो की. दरवर्षी विणते."

आणि त्या खरंच बोलल्या, थोडं अडखळत पण बरोबर. दोन आठवडे सगळ्यांनी मान मोडून काम केलं. मी टोकाला गुंडे पुरवत होते. एका शुक्रवारी अकरा स्वेटरांचे दोन-दोन भाग झाले म्हणून शिवायला घेतले. आपांनी पाठ पसरली, त्यावर एक पुढचा भाग ठेवला आणि दुसरा ठेवायला गेल्या. ठेवला, काढला, परत ठेवला.

"काकू," त्या म्हणाल्या, "हे दोन्ही डावे आहेत."

"असं कसं? उलटव ना. उलटवला की झाला उजवा."

आपांनी उलटवला. गळा बरोबर बाजूला आला, पण वीण उलटी झाली. अर्धी छाती गुळगुळीत, अर्धी खरखरीत. दुसरी जोडी काढली, तीच गत. तिसरी, चौथी. सगळ्याजणी गुडघ्यांवर येऊन शोधायला लागल्या. बावीसच्या बावीस डावे. उजवा औषधालाही नाही.

देवरे काकू रडकुंडीला आल्या. "मला वाटलं उलटवलं की होतं..."

"वीस वर्षं बाई बोलल्या आणि आपण विणलं," आपा म्हणाल्या. "आपली डोकी घरीच ठेवून येत होतो आपण."

"उसवा आता सगळे," कुणीतरी म्हणालं.

"उसवायचं कशाला?" मी टोकावरून म्हटलं. नऊ तोंडं माझ्याकडे वळली. "स्वेटर बावीस आहेत. डावे भाग बावीस झाले. म्हणजे डाव्यांचं काम संपलं. आता बावीस उजवे विणायचे. काय वाया गेलं?"

आपा हसल्या. "आणि ते बोलणार कोण?"

मी पिशवीच्या तळातून माझा हिरवा भाग काढला, पुढे जाऊन त्या पाठीवर ठेवला. डाव्याच्या शेजारी तो असा बसला की मधली बटणपट्टी एका रेषेत आली. देवरे काकूंनी डोळे पुसले आणि वाकून पाहिलं.

"अगं माय! हा तर तयार आहे. एक जोडी झाली. आण, शिवून टाकू."

"हा नाही," मी तो परत उचलला. "हा बाईंनी उसवायला सांगितलाय. जोडायचा की उसवायचा ते बाई सांगतील. तुम्हाला मी दुसरे सांगते."

"मग ये इथे, बाईंच्या जागी बस."

"बाईंची जागा बाईंची. मी इथूनच बोलते."

मी टोकाला बसले. आणि मग त्या नऊजणी उठल्या, आपापल्या पिशव्या घेऊन वळल्या आणि भिंतीकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून बसल्या.

सुरुवातीला मी त्यांच्या हातांकडे पाहत बोलले आणि तिसऱ्याच ओळीला घसरले. नऊ उजवे हात एकदम चालताना पाहिले की माझ्या डोक्यात ओळ उलटसुलट व्हायची. आपण काय सांगतोय आणि समोर काय होतंय, याचा मेळच लागेना. शेवटी मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर सगळं लख्ख झालं. "सगळे सुलट, शेवटचे दोन एकत्र. फिरवा. सगळे उलट." चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही. पहिला उजवा भाग आपांचा झाला. त्यांनी तो डाव्याशेजारी ठेवला आणि माझ्या पाठीवर एक जोरदार थाप मारली. एवढ्या शांत बाईच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी बावीस स्वेटर आणि बावीस टोप्या खोक्यांत भरल्या. आश्रमशाळेची जीप घेऊन आलेल्या गुरुजींनी विचारलं, "यंदा टोप्या पण?" तर देवरे काकू म्हणाल्या, "आमची शैला विणते. डाव्या हाताने." असं म्हणाल्या की जणू हात त्यांनीच मला दिला होता. मला त्या दिवशी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी आपांची रिक्षा पडवीसमोर थांबली आणि तिच्यातून बाई उतरल्या. डाव्या हातात काठी. उजवा हात अंगाशी, उजवा पाय ओढत. तोंड एका बाजूला झुकलेलं, पण अंबाडा तसाच घट्ट. आम्ही सगळ्या ताडकन उभ्या राहिलो. कुणी भिंतीजवळची उशी झटकली, कुणी सतरंजी ताणली. देवरे काकू म्हणाल्या, "या बाई, तुमची जागा कुणी घेतली नाही हां."

बाईंनी त्या उशीकडे पाहिलं. मग काठी टेकत, एकेक पाऊल टाकत, त्या सतरंजीच्या कडेकडेने चालत टोकाशी आल्या. माझ्यासमोर थांबल्या.

"खुर्ची," त्या म्हणाल्या. शब्द जड होता, पण कळला.

आपांनी वाचनालयातून खुर्ची आणली. बाई बसल्या. खांद्याची विणकामाची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, तशी मी सवयीने त्यांच्या समोर जाऊन बसले. डावखुरी मुलगी नेहमी समोर बसूनच शिकते, आरशात पाहिल्यासारखं. मी मावशीसमोर बसूनच शिकले होते. आजवर विणताना मी कुणाच्याच शेजारी नीट बसू शकले नव्हते.

बाईंनी काठी माझ्या खांद्याला लावली. "समोर... नको. शेजारी."

त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून डाव्या हाताने सुया काढल्या. लांब, जुन्या, टोकं झिजलेल्या.

"दाखव," त्या म्हणाल्या.

मी एक दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या उजव्या हाताला बोटं वळवायची ताकद नव्हती, पण काखेत धरायची होती. मी टाके घातलेली सुई त्यांच्या उजव्या काखेत दाबून दिली, दुसरी डाव्या हातात दिली, आणि लोकर कशी घ्यायची ते सांगायला तोंड उघडलं. सांगायची वेळ आली नाही. लोकर त्यांच्या डाव्या तर्जनीवरून आपोआप गेली. पहिला टाका थरथरत झाला. दुसरा झाला. पाचव्या टाक्याला तो हात नवशिक्याचा नाही हे मला कळलं. मी कितीतरी जणींना पहिल्यांदा विणताना पाहिलंय. असा हात शिकत नाही, असा हात आठवतो.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी सुई मांडीवर ठेवली आणि डावा हात पालथा करून माझ्यासमोर धरला. तो गुळगुळीत डाग.

"आईनं," त्या म्हणाल्या. मग शब्द शोधत राहिल्या. "उलथनं. तापवून. मी... पाच वर्षांची."

"या अल्ला," आपा पुटपुटल्या.

मला एकदम डोळे मिटून बोलणाऱ्या बाई आठवल्या. वीस वर्षं भिंतीला टेकून, कुणाच्याही हाताकडे न पाहता.

"बाई," मी म्हटलं, "तुम्हीही डावखुऱ्या. म्हणून डोळे मिटून बोलायचात?"

त्यांनी मान हलवली. झुकलेल्या तोंडाने जेवढं हसता येईल तेवढं हसल्या. मग बोट माझ्या पिशवीकडे केलं.

"तो... भाग?"

"आहे. उसवला नाही."

मी काढून दिला. त्यांनी आतून पाहिला, बाहेरून पाहिला, टोपी पाहिली होती तसाच. खूप वेळ लावला.

"चूक... नाही," त्या म्हणाल्या, आणि तो मला परत न देता स्वतःच्या पिशवीत ठेवला.

मी तिथेच रडले. राग आला की रडू आवरणारी मी, त्या दिवशी मात्र आवरलं नाही आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही.

त्या भागाची जोडी बाईंनीच विणायला घेतली. दर मंगळवारी, दर शुक्रवारी, टोकाला, माझ्या शेजारी. आमची कोपरं एकाच बाजूला जायची, एकमेकींना लागायची नाहीत. मी ओळ बोलायची, तीही आता फिरवावी लागत नव्हती. एका बैठकीला दोन ओळी, कधी तीन. भिंतीजवळची उशी तशीच रिकामी राहिली आणि सतरंजीचं तोंड कायमचं पायरीकडे झालं. वाचनालयात येणारी माणसं आता चपला दुसरीकडे काढायची.

पाडव्याच्या आसपास विणलेलं चार बोटं भरलं. बाईंनी सुई थांबवली आणि तुकडा माझ्याकडे सरकवला.

"बघ."

मी पाहिलं. तीन ओळी खाली एक टाका सुटला होता. आपांनी तो माझ्याआधी पाहिला होता, त्यांच्या चष्म्यावरून कळलं. देवरे काकूंनीही पाहिला होता. त्या मला डोळ्यांनी खुणावत होत्या, जाऊ दे, आजारी आहेत, जाऊ दे. नंतर सुईने हळूच वर ओढून घेता आला असता, कुणाला कळलंही नसतं. बाई माझ्याकडे पाहत होत्या. शाळेत मुलीची वही तपासताना पाहत असतील तशा.

"बाई, टाका सुटलाय," मी म्हटलं. "तीन ओळी खाली."

बाईंनी तुकडा परत मांडीवर घेतला.

"उसवा," मी म्हटलं.

देवरे काकूंनी तोंडावर पदर धरला. मग बाई हसल्या, आवाज करून हसल्या, आजारपणानंतर पहिल्यांदाच. त्यांनी डाव्या हाताने सुई काढून घेतली, लोकरीचं टोक धरलं आणि ताठ मानेने ओढायला सुरुवात केली. वीण सरसर सुटत गेली, आणि सुटलेली लोकर त्यांच्या शेजारी बसून मी गुंडाळत गेले.